सिएरा नेवाडा ओलांडणारी रेल्वे इतक्या लवकर कशी झाली?

कुडाळकर:
कोकण रेल्वेच्या रोहा ते ठोकूर या सुमारे 740 किलोमीटरच्या मार्गाला 1990 पासून 1998 च्या जानेवारीपर्यंत काळ लागला, आणि तरी ते काम झपाट्याचे मानले जाते. अमेरिकेत मात्र ओमाहा ते सॅक्रामेंटो हा 1,776 मैलांचा मार्ग 1863 ते 1869 या अवधीत, कोणतीही मोठी यंत्रे नसताना, पुरा झाला. डोंगर तर त्यांनाही होतेच ना?

परशुराम घाट:
सरासरी काढली की फसगत होते. दोन कंपन्या दोन टोकांकडून रूळ टाकत होत्या. पूर्वेकडून येणाऱ्या युनियन पॅसिफिकला ओमाहापासून शेकडो मैल माळरान मिळाले. पश्चिमेकडून निघालेल्या सेंट्रल पॅसिफिकला मात्र सॅक्रामेंटो सोडल्यावर थोड्याच अंतरात सिएरा नेवाडा या पर्वतरांगेची चढण लागली. डोनर खिंडीजवळचा समिट बोगदा 1,659 फुटांचा, म्हणजे आपल्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरांपुढे किरकोळ. पण ग्रॅनाइट असा चिवट, की दिवसाकाठी फूट-दीड फूट सरकले तरी पुष्कळ. म्हणून माथ्यावरून मधोमध विहिरीसारखी उभी खोदाई करून, तिच्या तळापासून दोन्ही अंगांना फोडत, एकूण चार तोंडांवर काम चालवले. सुरुंगाची भोके चिनी मजुरांनी हातांनी पाडली: एकाने पहार धरून फिरवायची, बाकीच्यांनी घण घालायचे. नायट्रोग्लिसरीन जागेवरच बनवत. 1867 च्या जूनमध्ये याच मजुरांनी वाढीव मजुरीसाठी संप केला, तेव्हा त्यांचा शिधा बंद करून तो मोडण्यात आला. हाही त्या वेगाचाच भाग.

आंजर्लेकर:
पैशाची बाजू राहिली. 1862 च्या कायद्यानुसार सरकारी कर्जरोखे सपाटीवर मैलाला 16,000 डॉलर आणि डोंगरात 48,000 डॉलर या दराने मिळत, शिवाय मार्गाच्या दुतर्फा जमीन. म्हणजे जितके मैल, तितकी प्राप्ती. सॅक्रामेंटोपासून अवघ्या सात मैलांवर, आर्केड क्रीकपाशी, जिथे पाहणाऱ्याला नुसता माळ दिसतो, तिथे सिएराचा पायथा सुरू होतो, म्हणजे तिथूनच डोंगराचा दर लागू, असे ठरले आणि लिंकन यांनी त्यावर सही केली! जमीन सरकारने वाटली खरी, पण त्या माळांवर शायेन आणि सू हे तिथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत होते. आपल्याकडे असे खिरापतीसारखे वाटप शक्यच नव्हते. चार गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर मुंबईकर चुलत्यांसकट दहा हिस्सेदार, आणि भूसंपादनाची नोटीस प्रत्येकाला.

कुडाळकर:
आभारी आहे. पावसाळ्यात आपल्याकडे दरडी येतात, तसा तिथे बर्फाचा उपद्रव झाला असेल. त्यावर काय उपाय केला?

परशुराम घाट:
रुळांवर मैलोगणती लाकडी छपरे घातली. इंजिनाच्या ठिणग्यांनी तीच पेट घेत, म्हणून आग विझवणाऱ्या पाण्याच्या गाड्याही सज्ज ठेवाव्या लागत.