व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स (ब्राउझरमधील मोफत आवृत्ती): बारा मिनिटांनंतर टिकाव का लागत नाही?

जुळे सोलापूर, प्रश्नकर्ता:
सोलापूरच्या उन्हात दुपारी बाहेर पडण्याची सोय नसल्यामुळे आम्ही बापलेक जुन्या लॅपटॉपवर राक्षसांच्या झुंडींपुढे तग धरण्याचा हा गेम खेळतो. लसूण हे शस्त्र घेतले की सुरुवातीची वटवाघळे अंगाजवळ येताच गारद होतात. परंतु दहा-बारा मिनिटांनंतरचे राक्षस लसणीला अजिबात जुमानत नाहीत आणि त्यातच पडदा अडखळू लागतो. दोष आमच्या निवडीचा की लॅपटॉपचा, हे जाणकारांनी सांगावे.

अशोक चौक:
दोष निवडीचाच अधिक आहे. लसणीचा मारा मुळात कमी, त्यामुळे शत्रूंची ताकद वाढत गेली की ती मागे पडते. अंतोनियो या पात्राचा चाबूक आठव्या पातळीपर्यंत न्यावा, सोबत 'हॉलो हार्ट' ही आयुष्य वाढवणारी वस्तू ठेवावी आणि दहाव्या मिनिटानंतर मोठ्या राक्षसाकडून पडणारी पेटी उघडावी, म्हणजे चाबकाचे 'ब्लडी टिअर' हे अधिक ताकदवान शस्त्र होते व त्याच्या फटक्यांतून थोडे आयुष्य परत मिळू लागते. मात्र चाबूक आडवाच चालतो, म्हणून झुंड डोक्यावरून किंवा पायाखालून येत असेल तर ती डाव्या-उजव्या बाजूला येईल असे सरकत राहावे. खरे कौशल्य तेवढेच आहे. तिसाव्या मिनिटाला साक्षात यमदूत येतो, तेव्हा मरण आले म्हणून चिरंजीवांनी हिरमुसू नये.

विजापूर रोड:
माझे मत जरा वेगळे आहे. शस्त्रे आपोआप चालतात, आपण फक्त पळायचे, याला खेळणे म्हणावे का? पेटी उघडतानाचा लखलखाट तर थेट जुगाराच्या यंत्रासारखा वाटतो, आणि निर्माते लुका गलांते पूर्वी जुगार-उद्योगात काम करत होते हे कळल्यावर त्याचे नवल वाटेनासे झाले. तरीही 2023 साली याच गेमला सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा हा नामांकित ब्रिटिश पुरस्कार मिळाला, हे मान्य करावे लागते.

सात रस्ता:
लॅपटॉपविषयी: पडद्यावर शेकडो राक्षस एकाच वेळी हलत असल्याने ब्राउझरवर ताण येणारच. इतर टॅब बंद करावेत आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्रे दाखवण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे देणारी सोय) सुरू आहे का ते पाहावे. तरीही अडखळल्यास फोनवरील आवृत्ती घ्यावी. तीही मोफत आहे आणि जाहिरात पाहायची की नाही, हे आपल्यावर सोडलेले आहे.