मदत हवी आहे: कुत्र्याची खाज थांबत नाहीये, आणि घरात आजी असताना आठ आठवडे पथ्य कसं पाळायचं?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितेय, बेसा साइडला राहतो आम्ही. आमचा बंड्या, लॅब्रेडॉर, साडेचार वर्षांचा, वजन ३३ किलो (हो, जास्त आहे, कारण पुढे येतंच). दोन वर्षांपासून नुसता खाजवून राहिलाय. रात्री दोनला त्याचं पंजे चाटणं सुरू झालं की पहिले माझी झोप उडते.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात सुरू झालं, घरामागे रिकामा प्लॉट आहे, कमरेएवढं गाजर गवत, त्याच्यात लोळायचा. दिवाळीपर्यंत आपोआप कमी झालं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मागच्या वर्षी थंडीतपण थांबलं नाही, आणि यंदा मे महिन्यात ४५ डिग्रीत, कूलरसमोर पडल्यापडल्यासुद्धा पोट खाजवणं चालूच. बोटांमधले केस चाटून चाटून तांबूस झालेत, कान लाल, काखेतली कातडी जाड आणि काळी पडलीये, आणि अंगाला ओल्या गोणपाटासारखा वास येतो, धुतल्यावर दोन दिवसांत परत.

डॉक्टरांनी कातडी खरवडून तपासली, खरजेचे किडे दिसले नाहीत. गोचीड-पिसवांची गोळी नियमित चालू आहे. मग प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) दिलं. दोन दिवसांत बाप्पा काय फरक! पण कोर्स संपला की दहाव्या दिवशी पुन्हा तेच, असे चार कोर्स झाले. त्या गोळीवर तो बादलीभर पाणी पितो, घरातच सू करतो आणि भूक अशी की एकदा भाताचं अख्खं पातेलं साफ केलं. ३३ किलो ते असे.

आता नवीन डॉक्टर म्हणतात खाण्याची अ‍ॅलर्जी आहे का ते आधी बघू, आठ आठवडे फक्त असं खाणं द्या जे त्याने कधी खाल्लंच नाही, बाकी कणभरपण नाही. इथेच माझी गाडी अडलीये. चिकन-भात, अंडी, दूध-पोळी सगळं खाऊन झालंय. मटणपण, रविवारच्या सावजीतले तुकडे धुवून द्यायचो (बोलू नका, माहितीये). आणि घरात ८१ वर्षांची आजी आहे. पहिली पोळी गायीची, शेवटची कुत्र्याची, हे ती मोडणार नाही म्हणते. शिवाय चहात बुडवलेला टोस्ट लपून देते, मी दोनदा पकडलंय.

तर कोणी घरात असं पथ्य खरंच पूर्ण केलंय का? काय खाऊ घातलं? आणि तोवर खाजेचं काय करायचं? शेजारचे काका जळालेलं इंजिन ऑइल लावा म्हणून मागे लागलेत, ते मी करणार नाहीये.

प्रतिसाद १

ताई, ऑइल नाही लावत हे लई चांगलं केलं. कुत्रं ते चाटतं, पोटात जातं, विषबाधा होते. टी ट्री ऑइलपण नको.

आमच्या पोट्टीचं (गावठी, ६ वर्षं) पथ्य केलंय. तिला रोहू मासा आणि रताळं दिलं, काटे एकूण एक काढून, मीठ-हळद-तेल काही नाही. घरभर वास मारायचा पण झालं. डॉक्टरांकडे हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं (म्हणजे प्रथिनं इतकी बारीक तोडलेली की अंगाला सहसा ओळखू येत नाहीत) तयार खाणं पण मिळतं, महाग आहे पण काट्यांची भानगड नाही. लोक चुकतात ते चवीच्या गोळ्यांमध्ये. जंताची, गोचिडाची चघळायची गोळी चिकन-बीफच्या चवीची असली की पथ्य तिथेच मोडलं, आधी डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. आणि आठ आठवड्यांनी बरं वाटलं तरी काम संपत नाही, जुनं खाणं परत द्यायचं, खाज परत आली तरच पक्कं समजायचं. रक्त तपासून खाण्याची अ‍ॅलर्जी कळते असं कोणी सांगितलं तर पैसे घालवू नका, ती टेस्ट भरवशाची नाही.

प्रतिसाद २

पावसाळ्यात सुरू होऊन मग बारमाही झालं म्हणताय, तर मला तरी गवत-धूळवाली अ‍ॅलर्जी (अटोपी) जास्त वाटते, निव्वळ खाण्याची असती तर पहिल्या दिवाळीत कमी झाली नसती. पण दोन्ही एकत्रपण असतात, म्हणून पथ्य सोडू नका. तो गोणपाटाचा वास बहुतेक यीस्टचा (कातडीवरच्या बुरशीचा) आहे, त्याची खाज वेगळी. कानातला आणि काखेतला नमुना काचेवर घेऊन बघायला सांगा, सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात सकाळी जा, जुने सगळे कागद न्या. क्लोरहेक्सिडीनचा (जंतुनाशक) शाम्पू दहा मिनिटं अंगावर ठेवून मग धुवायचा, आणि आपल्याकडे दुपारी टाकीचं पाणी चटका देतं, त्याने खाज वाढते, म्हणून सकाळीच. फिरून आलं की पंजे धुवून बोटांमधून कोरडे करा.

ऑक्लासिटिनिब या खाज थांबवणाऱ्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा, प्रेडनिसोलोनसारखा तहान-भुकेचा तो त्रास त्यात सहसा नसतो. पथ्याच्या सुरुवातीला देऊन नंतर बंद करतात, म्हणजे फरक खाण्याचा की गोळीचा ते कळतं. प्रेडनिसोलोन मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. दिवाळीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, डॉक्टरांना सांगते. गोचिडाची गोळी आत्ता पाहिली, बीफ फ्लेवर!! जंताचीपण तशीच.

आजीशी तह झालाय. शेवटची पोळी आता कोपऱ्यावरच्या भुऱ्या कुत्र्याला, बंड्याला घरात कोंडून. आणि बंड्याला ती स्वतःच्या हाताने उकडलेलं रताळं देणार, रोज मोजून, फक्त मासा मी करायचा कारण ती हात लावत नाही. टोस्टचा डबा कपाटात, किल्ली माझ्याकडे. सोमवारपासून सुरू.