उपचाराची सही आणि संशोधनाची सही एकच कशी?

कोथरूडकर_मिलिंद: आईला मोतीबिंदूसाठी दाखल करताना फॉर्म भरला. बिल थकवणार नाही, दागिने हरवले तर जबाबदारी आमची, अशा कलमांच्या मधोमध एक ओळ होती: 'माझी माहिती शिक्षण व संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही.' काउंटरवरची मुलगी म्हणते, "काका, सही नसेल तर सिस्टीम पुढे जात नाही." याला संमती म्हणायचं? माझं म्हणणं सरळ आहे. दोन सह्या वेगळ्या घ्या, आणि संशोधनाला नाही म्हणणाऱ्यालाही खाट द्या.

डॉ_पेठकर: वेगळी सही मान्य. पण जुन्या फायलींचं काय? रेसिडेंटने थीसिससाठी दहा वर्षांपूर्वीचे केसपेपर काढले, तर प्रत्येक पेशंटला फोन करायचा? अशा वेळी ओळख काढून टाकलेली असेल तर एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणारी समिती, संमतीची अट शिथिल करू शकते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे. आणि माहिती मिळाली नाही तर विज्ञान कसं चालणार? पुण्याजवळच्या सहा गावांत पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ मध्ये गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. आपली बाळं वजनाला हलकी, पण अंगात चरबी तुलनेने जास्त, हे त्यातून पुढे आलं. बी-१२ ची कमतरता महत्त्वाची का, हेही.

मिलिंद: डॉक्टर, उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत! त्या बायकांना विचारून सामील करून घेतलं होतं, म्हणून तर पुढे त्यांची मुलंही वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिली. भरवसा आधी कमावला, माहिती मागून आली.

धायरीची_स्नेहा: आमच्या भागात जानेवारी २०२५ ला जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) पेशंट वाढले. किरकटवाडी, नांदेड, धायरी, सगळा सिंहगड रोड पट्टा. पत्ते एकत्र आले म्हणून पाण्याकडे बोट गेलं, आणि एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) तपासणीत काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. तेव्हा प्रत्येकाच्या सहीसाठी थांबायचं होतं का?

मिलिंद: नाही. पण साथीचा शोध वेगळा आणि औषध कंपनीला विकायची फाईल वेगळी. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

रेकॉर्डरूमवाला: हॉस्पिटलच्या एमआरडीत, म्हणजे केसपेपर ठेवणाऱ्या विभागात नोकरी करतो, म्हणून बोलतो. 'ओळख काढली' म्हणजे काय केलेलं असतं? एक्सेलमधला नावाचा रकाना उडवलेला असतो. नोंदणी क्रमांक, जन्मतारीख, पिनकोड जागच्या जागी. वर ती शीट व्हॉट्सॲपवर फिरते. अमेरिकेत लटान्या स्वीनी या संशोधिकेने १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून ८७ टक्के लोक एकेकटे ओळखू येऊ शकतात.

डॉ_पेठकर: आपला पिनकोड केवढा मोठा! शिवाय इथे निम्म्या आज्यांची जन्मतारीख १ जून असते. :)

रेकॉर्डरूमवाला: आज्या सुटल्या, पण नातींच्या तारखा खऱ्या आहेत. पन्नास हजारांच्या वस्तीत एकाच दिवशी, एकाच वर्षी जन्मलेल्या मुली किती निघतील? एखादी. त्यात आजार दुर्मीळ असला तर पेठेत नाव विचारायचीही गरज नाही. जन्मतारखेऐवजी वय आणि पूर्ण पिनकोडऐवजी तालुका लिहायला पाच मिनिटं लागतात. कुणी करत नाही, कारण कुणी विचारत नाही.

स्नेहा: २०२३ चा विदा (डेटा) संरक्षण कायदा आहे की. २५० कोटींपर्यंत दंड.

मिलिंद: त्याच कायद्यात संशोधनाला सवलतही आहे. ठरलेली मानकं पाळायची आणि त्या माहितीवरून त्या माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही, या अटींवर. पाळली की नाही हे पेशंटला कळणार कसं? माझ्या आईची फाईल कुणी उघडली, हे मला दिसतं का?

डॉ_पेठकर: नाही दिसत. दिसायला हवं, हे मान्य. पण त्यासाठी जुन्या फायलींना कुलूप लावू नका. वेगळ्या सहीचा फॉर्म आमच्या कमिटीपुढे मीच मांडतो. मसुदा कोण लिहून देतंय? आणि तो मराठीत, एका पानात हवा.

रेकॉर्डरूमवाला: लिहितो. 'हरकत नाही' वर आधीच छापलेली टिक मात्र नसेल.