माळ नाही, विश्वास नाही, तरी वारीला जाऊ का?

गच्चीवरची | 29 मे 2022

बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर दरवर्षी आळंदी ते पंढरपूर पायी, माउलींच्या पालखीबरोबर, एकाच दिंडीत. 2020 ला वारी बंद झाली तेव्हा ते धनकवडीच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर चालले. 25 फेऱ्यांचा एक किलोमीटर, झाला की एक चिंचोका या कपातून त्या कपात. दिवे घाटाचा टप्पा दोन दिवसांत फोडून घेतला, गुडघ्यांनी तेवढी सवलत मागितली म्हणे. पादुका एसटीनं पंढरपूरला निघाल्या तेव्हा टीव्हीसमोर हात जोडले आणि आईला म्हणाले, "तिकीट कुणी फाडलं असेल गं?"

एप्रिल 2021 मध्ये ते गेले. मीही पॉझिटिव्ह, मागच्या खोलीत बंद. मुखदर्शन नाही, काही नाही. भावानं लांबून हात जोडले. हॉस्पिटलमधून फोन, चष्मा आणि चार्जर परत आला. तुळशीची माळ आली नाही. दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

यंदा वारी परत पायी निघतेय. मी देव मानत नाही, बाबा गेल्यापासून तर अजिबातच नाही. पण त्यांचा टाळ कपाटात आहे (एका वाटीला चीर गेलीय, बसका वाजतो) आणि गेला आठवडाभर मी तो रोज काढून बघतेय. पुणे ते सासवड तरी चालावं असं वाटतं. हे ढोंग होईल का?

नीराकाठ

ताई, माळेचं मनातून काढा. आमच्याकडे माळकरी माणसाची माळ काढत नाहीत, त्याच्याबरोबरच जाते. ती परत आली असती तर वाईट वाटायला हवं होतं.

ढोंगाचं म्हणाल तर मी पंधरा वर्षं चालतोय. अर्धा वेळ डोक्यात उसाचं बिल असतं. कुणी हटकलं नाही अजून.

तर्कट

मी उलट बाजूनं बोलतो, राग मानू नका. दुःखात माणूस हाताला लागेल ते धरतो. चालायचं तर जरूर चाला, पण रात्री झोप लागत नसेल, ती मागची खोली डोळ्यांसमोर येत असेल तर समुपदेशकाकडेही जा. माझी बायको गेल्यावर मी वर्षभर गेलो नाही, "मला काय धाड भरलीय" म्हणत. मूर्खपणा होता.

सिस्टर_रात्रपाळी

कोविड वॉर्डात होते, म्हणून माळेबद्दल वाचून गप्प बसवेना. तेव्हा एकेका पिशवीवर नाव लिहायलाही हात पुरत नव्हते. ही सबब नाही, खरंच असं होतं. तुमची चिडही खरी आहे.

कामाचं बोलते. तुम्हाला स्वतःला कोविड झालाय, म्हणून आत्तापासून रोज चाला, जिना चढून दम बघा. सासवडचा टप्पा तीसेक किलोमीटरचा, घाटाचा चढ शेवटाकडे येतो, तेव्हा पाय आधीच गेलेले असतात. नवे बूट घालू नका. छातीत धडधडलं तर लाज न बाळगता बाजूला बसा.

गच्चीवरची | 4 जून

सगळ्यांचे आभार. @तर्कट, राग नाही आला. नंबर शोधून ठेवलाय.

काल दिंडीप्रमुखांना फोन केला. बाबांचं नाव सांगितल्यावर बराच वेळ नुसताच श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "त्यांची 2020 ची भिशी (दिंडीतल्या जेवण-मुक्कामाची वर्गणी) वहीत जमा आहे, परत न्यायला कधी आलेच नाहीत. त्यात तुम्ही या." पैसे भरते म्हटलं तर ऐकायलाच तयार नाहीत.

गच्चीवरची | 24 जून, रात्री

सासवड. राहुटीत आडवी पडलेय, डाव्या टाचेला फोड.

मला वाटलं होतं बाबांच्या जागी चालेन. तसं काही नसतं. टाळकरी पुढे, बायका वीणेच्या मागे. हडपसरच्या पुढे एका पोरानं टाळाची दोरी तुटली म्हणून तोंड पाडलं, तेव्हा प्रमुख माझ्याकडे बघून म्हणाले, "द्या त्याला." द्यावासा वाटत नव्हता. दिला.

घाटात पुढचं काही दिसेना, नुसत्या टोप्या आणि पताका. शेदीडशे टाळ एकदम वाजत होते आणि त्यात एक बसका. वळण आलं की बुडायचा, पुन्हा वर यायचा. मी कठड्याशी थांबून रडले. शेजारच्या आजींनी काही विचारलं नाही, तुळस या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्या पाठीला हात लावून चालत्या ठेवलं.

देवाचं अजून काही ठरलेलं नाही. चिंचोके खिशात होते, मोजायचे राहून गेले.

पोरगा टाळ परत द्यायला आला होता. म्हटलं, राहू दे जेजुरीपर्यंत. म्हणजे जेजुरीपर्यंत मलाही जावं लागणार, आणि ऑफिसला अजून कळवलेलं नाही.