मदत हवी आहे: सावलीतली कोकमाची रोपं तीन वर्षं वीतभरच, फांद्या तोडू का?

कातळसडा: रोपं मरत नाहीत, वाढतही नाहीत. परवा फांद्या तोडणारा येतोय. वरचं मोकळं करू की युरिया घालू? लवकर सांगा.

जुना_माळी: वर झाडं कुठली? ऊन किती वेळ पोचतं? पाणी कधी? तोवर युरिया नकोच, सावलीत रोप नुसतं लांबट नि लुळं होतं.

साखरपेकर: जीवामृत द्या. माझ्या अंगणातलं कोकम सहा महिन्यांत फुटलं.

जुना_माळी: अहो, तुमचं उन्हात आहे. यांचं सावलीत.

रानवाट: वनखात्यात बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो. दाट सदाहरित रानात जमिनीवर उजेड जेमतेम एक-दोन टक्के उतरतो. तिथलं रोप उंचीच्या मागे लागत नाही. पानं चिवट, लवकर न गळणारी. केलेल्या साखरेतली काही पिष्ट (स्टार्च) होऊन मुळात नि खोडात साठते. भेकराने शेंडा खाल्ला तरी त्यावरच पुन्हा फुटतं. सागजडी (लावणीसाठी छाटलेलं सागाचं रोप) आठवा: एक पान नसतं, मूळ आणि दोन बोटं खोड. तरी पावसात फुटतेच ना?

मेधा_त: साग उजेडाचं झाड, सावलीत तगत नाही. उदाहरण चुकलं.

रानवाट: ताई, सवय वेगळी, साठा तोच.

मेधा_त: मग बघूनच घ्या. एक रोप उपटून मूळ कापा, टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. काळंनिळं झालं तर पिष्ट आहे.

कातळसडा: उपटू? तीन वर्षं जपलीत ती!

दापोलीकर: बियांची आहेत ना? बरीचशी नर निघतील. त्यापेक्षा कोकण अमृता या कोकमाच्या जातीची कलमं लावा.

कातळसडा: फळांसाठी नाहीत हो. घरामागचं रान पुन्हा उभं करायचंय. वर फणस आणि जुना आंबा, दुपारी नुसते कवडसे. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी. गेल्या मे महिन्यात पश्चिमेची एक फांदी तोडली, तर तिथल्या चार रोपांची पानं करपली.

रानवाट: हे आधी सांगायचं होतं! सावलीचं पान एकदम उन्हात आलं की भाजतं. त्या चौघांना नवी पालवी आली का?

कातळसडा: आली, तांबूस. दोन तर आता गुडघ्याएवढी आहेत.

रानवाट: मग तोडायचं, पण परवा नाही. त्यांनी साठा मोडून उजेडाला चालणारी पानं केली, म्हणून उठली. पावसाळा नीट लागू द्या, ढगाळ दिवस बघून एकच फांदी काढा, पुढची फांदी नवी पानं पक्की झाल्यावरच. आणि कवडसे कमी लेखू नका, सावलीतल्या रोपाची बरीचशी कमाई त्यातच होते.

जुना_माळी: पूर्वेची आधी काढा. सकाळचं ऊन सोसतं.

कातळसडा: माणसाला जूनअखेरीस यायला सांगितलं. करपलेली पानं खुडू का?

रानवाट: हिरवा तुकडा शिल्लक असेल तोवर राहू द्या.