काकांचा आजार आणि जनुकीय चाचणी: आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

दादा: हृदयविकाराच्या झटक्यानंतर काकांची अँजिओप्लास्टी व्यवस्थित पार पडली असून त्यांना अतिदक्षता विभागातून बाहेर आणले आहे. त्यांचे वय अवघे 49 आहे आणि आजोबाही 52व्या वर्षी याच विकाराने गेले, त्यामुळे हा दोष आपल्या रक्तातच असावा, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही. लाळेच्या नमुन्यावरून जनुकीय धोका सांगणारी चाचणी आपण सर्व भावंडांनी करून घ्यावी का? आत्या, तू इतकी वर्षे आनुवंशिकी शिकवलीस, तुझे मत हवे आहे.

आत्या: तुझी काळजी रास्त आहे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या, स्वीडनमधील सुमारे 21,000 जुळ्यांच्या अभ्यासात असे दिसले की, एक भाऊ हृदयधमनीविकाराने 55 वर्षांच्या आत दगावला असेल, तर त्याच्या एकबीज (जनुके जवळपास तंतोतंत सारखी असलेल्या) जुळ्या भावाला त्याच विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे 8 पट आणि द्विबीज (साध्या भावंडांइतकेच साम्य असलेल्या) भावाला सुमारे 4 पट वाढतो. उतारवयात मात्र आनुवंशिकतेचा हा प्रभाव ओसरत जातो.

पण ‘रक्तातच आहे’ असे म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. पहिली म्हणजे एकाच जनुकातील मोठा बिघाड. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, रक्तातून उचलून घेणारे यकृताच्या पेशींवरील ग्राहक (रिसेप्टर) त्यामुळे अपुरे पडतात आणि धमन्यांना जन्मापासूनच त्याचा मारा सोसावा लागतो. कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल नावाचा हा दोष सुमारे 250 माणसांमागे एकात असतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. दुसरी गोष्ट म्हणजे शेकडो लहान जनुकीय फरकांची बेरीज. त्यांपैकी 2007 मध्ये नवव्या गुणसूत्रावर सापडलेला फरक मला फार विलक्षण वाटतो, कारण तो प्रथिन घडवणाऱ्या भागात नाही, त्याने कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाब वाढत नाही, आणि तरीही त्याच्या प्रत्येक प्रतीमागे धोका साधारण पाव पटीने वाढतो. लाळेची चाचणी मुख्यतः अशाच लहान फरकांवरून एकूण धोक्याचा गुणांक काढते. हे गुणांक बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले असल्याने इतरांच्या बाबतीत कमी अचूक ठरतात.

ताई: आत्या, समजा गुणांक जास्त आला आणि सगळे जन्मतःच ठरलेले असले, तर ते कळून उपयोग काय?

आत्या: तसे ठरलेले नसते, बाळा. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या, 55,000 हून अधिक लोकांच्या विश्लेषणात जनुकीय धोका सर्वाधिक असलेल्यांपैकी ज्यांनी धूम्रपान टाळणे, लठ्ठपणा न येऊ देणे, नियमित व्यायाम आणि योग्य आहार यांपैकी किमान तीन गोष्टी सांभाळल्या होत्या, त्यांचा धोका त्या न सांभाळणाऱ्यांपेक्षा 46 टक्क्यांनी कमी होता. शिवाय काही जनुकीय फरक रक्षणही करतात. पीसीएसके9 जनुक निकामी करणारे फरक असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांचे एलडीएल 28 टक्क्यांनी कमी होते, तर हृदयधमनीविकाराचे प्रमाण तब्बल 88 टक्क्यांनी कमी होते. एलडीएल जन्मभर कमी राहण्याचे मोल त्यातून कळले आणि या जनुकापासून बनणारे प्रथिन रोखणारी औषधेही पुढे तयार झाली.

म्हणून लाळेच्या चाचणीआधी सर्वांनी साधी लिपिड (रक्तातील कोलेस्टेरॉल व चरबीची) तपासणी करावी आणि लायपोप्रोटीन(ए), म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एलडीएलसारखाच एक कण, आयुष्यात एकदा तरी मोजून घ्यावे, कारण त्याची पातळी प्रामुख्याने जनुकेच ठरवतात. मीही तुमच्या काकांची सख्खी बहीण असल्याने उद्याच रक्त देणार आहे. वहिनी, भावाचे जुने अहवाल आहेत का? हृदयविकाराच्या झटक्यानंतर एलडीएल तात्पुरते उतरते, त्यामुळे आताच्या आकड्यावर विसंबता येणार नाही.

काकू: दोन वर्षांपूर्वीचा अहवाल सापडला. त्यात एलडीएल 214 (मिग्रॅ/डेसिलिटर) आहे आणि तेव्हा ते कोणतीही गोळी घेत नव्हते.

आत्या: औषधाविना 190 च्या वर असलेला आकडा कौटुंबिक दोषाची शंका घ्यायला पुरेसा आहे. हा अहवाल आजच डॉक्टरांना दाखवा आणि जनुकीय चाचणी प्रथम त्याचीच करावी का, हे विचारा. त्याच्यात दोष सापडला, तर नेमका तोच आपल्या सर्वांमध्ये शोधता येईल. मुलांची लिपिड तपासणी मात्र त्या निकालासाठी थांबवू नका.