मारुती ८०० चं इंजिन मूळचं आहे का, कसं ओळखायचं? मदत हवी आहे

मंडळी, घरातली जुनी मारुती ८०० पुन्हा चालती करायची आहे. १९८३ सालची पहिली चौकोनी गाडी नव्हे, १९८६ नंतरच्या बॉडीची, कार्ब्युरेटरवाली. मूळ इंजिन एफ८बी: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. मधल्या काळात कुणीतरी ते बदललंय, असा दाट संशय आहे. पुढे आलेलं बारा व्हॉल्व्हचं एफ८डीसुद्धा ७९६ सीसीचंच, त्यामुळे नुसत्या सीसीवरून काहीच कळत नाही. हेड न उघडता फरक कसा ओळखायचा? ब्लॉकवर इंजिन नंबर नेमका कुठे असतो? आणि तो आरसीशी जुळला नाही, तर आरटीओत काय करावं लागतं? ज्यांनी स्वतः हे इंजिन खोललंय, त्यांनी कृपया सविस्तर सांगा. शक्य तेवढी मूळ रूपातच जपायची आहे ही गाडी.